बीटलच्या क्रँक पुलीवर व्हीआर लावावा की हॉल?

इंजिनचा क्रँक नेमका कुठे आहे हे स्पार्कच्या कंट्रोलरला सांगायला सेन्सर लागतो. तो दोन जातींचा मिळतो, व्हीआर (व्हेरिएबल रिलक्टन्स) आणि हॉल. आधीच सांगून टाकतो, हे दोन्ही सेन्सर मी एकाच गाडीला, एकाच पुलीवर लावून वापरले आहेत. गाडी १९७१ची बीटल, इंजिन १५८४ सीसी, कार्बुरेटर जसाच्या तसा. फक्त स्पार्क तेवढा स्पीडुइनो या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरकडे दिला आहे. स्पार्कची जुनी व्यवस्था, म्हणजे पॉइंट आणि कंडेन्सर, का काढले यावर इथे वेळ घालवत नाही. तुम्ही हे वाचताय म्हणजे तुमचंही त्यांच्याशी फाटलेलं असणार.

डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या, पोटातच सेन्सर बसवायचा एक मार्ग आहे, आणि तो काही टाकाऊ नाही. खुद्द फोक्सवॅगनने १९६८च्या टाइप ३ मध्ये इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन दिलं तेव्हा इंजेक्टर उघडायची खूण डेल्कोच्या तळातल्या कॉन्टॅक्टवरूनच घेतली होती. पण क्रँकवरचा पितळी गिअर, त्यावर फिरणारा ड्राइव्ह शाफ्ट, वर डेल्कोची खाच, एवढ्या सगळ्यांची ढील मिळून माझ्या गाडीत टायमिंग लाइटखाली पुलीची खूण अक्षरशः फुगडी घालायची. जिथून मोजायचं तिथूनच मोजू म्हणून क्रँककडे वळलो. फ्लायव्हीलचा विचारही केला होता. त्यासाठी बेलहाउसिंगला, म्हणजे फ्लायव्हीलवरच्या कवचाला, भोक पाडावं लागतं, तेवढं धाडस झालं नाही. राहिली पुली.

पुलीवर सेन्सरसाठी दातांची चकती लावायची तर काही गोष्टी दोन्ही सेन्सरना सारख्याच लागू आहेत. ब्रॅकेट इंजिनवरच्या पत्र्याला कधीही बसवू नका. मी आधी तेच केलं होतं. पत्रा स्वतःच्या तालात थरथरतो, सेन्सर त्याच्याबरोबर नाचतो, आणि आपण आठवडाभर सेटिंग बदलत बसतो. ब्रॅकेट क्रँककेसच्याच नटांवर हवा. पुलीवरच्या खाचेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉप लावून खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो ती जागा, काढा. आणि तुमचं इंजिन १९७१च्या आधीचं असेल तर एक लक्षात घ्या: जुन्या डेल्कोत तीन नंबरच्या सिलिंडरचा स्पार्क मुद्दाम काही अंश उशिरा ठेवलेला असतो, कारण ऑइल कूलर त्याची हवा अडवतो. नंतर कूलर पंख्याच्या कवचाबाहेर काढला. चकतीवरून चारही सिलिंडरना एकच टायमिंग जातं, तेव्हा जुन्या इंजिनात ॲडव्हान्स, म्हणजे स्पार्क किती अंश आधी पाडायचा ते, थोडं हातचं राखून द्या.

आता सेन्सर. सुरुवात मी व्हीआरने केली, कारण सगळे तेच लावतात. ३६ वजा १ दातांची चकती, म्हणजे दर १० अंशाला एक दात आणि एक गायब. फोर्डच्या ईडीआयएस या इलेक्ट्रॉनिक इग्निशनमधून आलेला हा हिशोब आता घरोघरी झाला आहे. सेन्सर म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तार, समोरून दात गेला की तारेत वीज उमटते. आत इलेक्ट्रॉनिक्स नाही, त्याला वेगळा सप्लाय लागत नाही, वायरी दोनच. बिघडायला आत काही असावंच लागतं ना! त्या दोन वर्षांत, खाली तापलेला सायलेन्सर असूनही, माझा व्हीआर एकदाही मेला नाही. चालत्या गाडीत तर तो फारच छान. वेग वाढेल तसा सिग्नल वाढतो, तीन-साडेतीन हजारांवर खूण दगडावर कोरल्यासारखी स्थिर.

त्याचे लाड मात्र करावे लागतात. दोन वायरींची अदलाबदल झाली तरी गाडी चालू होते, पण टायमिंग वेगाप्रमाणे सरकत राहतं. आपल्याला वाटतं ॲडव्हान्सचा नकाशाच चुकला. यात माझे दोन रविवार गेले. वायरला जाळी हवी, जाळीला अर्थिंग एकाच टोकाला हवं, आणि प्लगच्या वायरींपासून तिला लांब ठेवायला हवं. जुन्या तांब्याच्या प्लग वायरी असतील तर त्या बदला, नाहीतर कंट्रोलरला नसलेले दात दिसू लागतात. हे सगळं एकदा जमलं की मात्र पुन्हा बघावं लागत नाही. तेवढ्यावर मी व्हीआर सोडला नसता.

सोडला तो फॅनबेल्टमुळे.

एअरकूल्ड गाडीत फॅनबेल्टचं काय असतं ते तुम्हाला माहीत आहे, तो गेला की इंजिन थंड ठेवणारा पंखाच थांबतो. डायनॅमोचा लाल दिवा लागला की आधी गाडी बाजूला घ्यायची, विचार नंतर करायचा. बीटलमध्ये बेल्ट बदलणं हे एरवी पंधरा मिनिटांचं काम. डायनॅमोच्या पुलीच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर अडकवायचा, नट सोडायचा, पुलीचा अर्धा भाग काढायचा, नवा बेल्ट घालायचा, वॉशर आत-बाहेर करून ताण बघायचा. आता पुलीच्या तोंडावर चकती आहे आणि खालून आलेल्या ब्रॅकेटवर सेन्सर तिच्याकडे टोक करून बसला आहे, असं समजा. बेल्ट क्रँक पुलीवरून काढायचा किंवा चढवायचा तर तो सेन्सर आणि दात यांच्या मधून जायला हवा. तिथे फट आहे एक मिलीमीटरहून कमी. म्हणजे सेन्सर काढल्याशिवाय गत्यंतर नाही. ज्यांना ब्रॅकेट वरून, बेल्टच्या दोन बाजूंच्या मधून आणायला जागा सापडली त्यांना हा प्रश्नच येणार नाही. मला भक्कम नट फक्त खाली मिळाले.

ऑगस्टातली गोष्ट. वाईहून पसरणी घाट चढत होतो, संध्याकाळ, पाऊस. लाल दिवा लागला आणि पाठोपाठ रबराचा वास. बेल्टची वाट लागली होती. नवा बेल्ट होता, पाने होते, फट मोजायचं फिलर गेज मात्र घरी. ही मोबाइलचा उजेड धरून उभी. दहा नंबरचे दोन बोल्ट काढले, सेन्सर बाजूला केला, बेल्ट चढवला, सेन्सर परत लावला. ब्रॅकेटची भोकं लांबट होती, फट कमी-जास्त करता यावी म्हणून मीच तशी ठेवलेली. त्याच शहाणपणाने घात केला. सेन्सर आधी कुठे होता याची काही खूण उरली नाही.

अंदाजाने लावला. सेल्फ मारला, इंजिन फिरतंय, स्पार्क नाही. जरा जवळ सरकवला, पुन्हा सेल्फ. एकदा फटकन आवाज आला आणि गप्प. तोवर तासभर पार्किंग लाइट लावून ठेवलेले, बॅटरी मलूल. व्हीआरची ग्यानबाची मेख इथे आहे: सिग्नल वेगावर आणि फटीवर अवलंबून. सेल्फ जेवढा हळू फिरणार तेवढा सिग्नल बारीक, आणि फट वाढली की आणखी बारीक. नेमकी दोन्ही दुखणी एकाच वेळी. शेवटी मी म्हटलं, "पाऊण मिलीमीटर जाडीचं काहीतरी हवंय." हिने पर्समधून एटीएम कार्ड काढलं. "हे चालेल?" कार्डाची जाडी ०.७६ मिलीमीटर असते हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, घरी आल्यावर मोजलं. कार्ड मध्ये धरून बोल्ट आवळले. सेल्फवर तरीही घेईना, बॅटरीच उरली नव्हती. मागून आलेल्या टेम्पोतल्या दोघांनी गाडी फिरवायला हात लावला आणि वाईच्या दिशेने उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. इंजिन जोरात फिरलं, सिग्नल मिळाला, गाडी लगेच चालू. महाबळेश्वर त्या दिवशी राहिलं ते राहिलंच.

कुणी म्हणेल, यात सेन्सरचा काय दोष, ब्रॅकेट नीट करायचा होता. बरोबर आहे. लांबट भोकांऐवजी दोन लोकेटिंग पिना दिल्या असत्या तर सेन्सर जिथल्या तिथे परत बसला असता. पुढचा ब्रॅकेट मी तसाच केला. पण तो करताना वाटलं की सेन्सरच असा का घेऊ नये, ज्याला अर्धा मिलीमीटर इकडे-तिकडे झाल्याची फिकीर नाही?

हॉल सेन्सरच्या आत चुंबकीय क्षेत्र ओळखणारं इलेक्ट्रॉनिक्स असतं, त्याला वेगाशी देणंघेणं नसतं. दात समोर आला की एक उत्तर, गेला की दुसरं, मग इंजिन पाच हजारांवर असो की तुम्ही ३० नंबरच्या पान्याने पुली हाताने फिरवत असा. माझ्या दृष्टीने यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची. मीटर लावायचा, पुली हळूहळू फिरवायची, पाच व्होल्ट, शून्य, पाच, शून्य. सेन्सर जिवंत आहे की मेला हे रस्त्याच्या कडेला दोन मिनिटांत कळतं. व्हीआरचा मीटरवर रेझिस्टन्स दिसतो, तो बरोबर असूनही सिग्नल येत नाही असं होऊ शकतं. खरं बघायचं तर ऑसिलोस्कोप हवा, आणि तो घाटात कोण नेतो?

इथे एक खड्डा आहे, त्यात मी पडलो ते सांगतो. व्हीआरची ३६ दातांची चकती होती तशी ठेवून नुसता हॉल लावला आणि तो दात चुकवू लागला. हॉलला दात रुंद लागतात, मधली मोकळी जागा त्याहून रुंद, आणि चकती जाड. हनीवेलचा १जीटी१०१डीसी बरेच जण वापरतात, त्याच्या माहितीपत्रकात दातांमध्ये सुमारे १० मिलीमीटर जागा सुचवली आहे. १५० मिलीमीटर व्यासाच्या चकतीवर ३६ दात घातले तर एका दाताच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत सगळे मिळून १३ मिलीमीटर. मग १२ वजा १ दातांची नवी चकती, ६ मिलीमीटर एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटमधून, भोसरीला लेझर कटिंगवाल्याकडून कापून आणली. कटिंगपेक्षा रिक्षाचे पैसे जास्त झाले.

चकती लेथवर पुलीशी सेंटर करून घेताना आमचे टर्नरमामा थांबले. "दात एक कमी आहे तुमचा." म्हटलं, मुद्दाम आहे. त्यांनी चकती बोटावर तोलून बघितली आणि काही न बोलता गायब दाताच्या बरोबर समोर एक भोक पाडलं. माझ्या हिशोबाने तो दात चार-साडेचार ग्रॅमचा. ३६ दातांच्या चकतीत हे जाणवतही नाही, इथे दात मोठा. माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं, त्यांच्या बोटाला कळलं.

दर ३० अंशाला एकच दात म्हटल्यावर टायमिंग ढोबळ होईल अशी भीती होती. कागदावर ती खरी असावी, दोन दातांमध्ये वेग बदलला तर कंट्रोलरला अंदाज करावा लागतो. माझ्या साध्या, कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनात मला तरी चालवताना फरक कळला नाही. रेसिंगची गाडी असेल तर हे माझ्याकडून ऐकू नका.

हॉलची खरी दुखरी नस उष्णता. बीटलमध्ये पुलीच्या खालीच सायलेन्सर, आणि इंजिन बंद केलं की पंखाही बंद. चालत्या गाडीत सेन्सरला जेवढी झळ लागते त्याहून जास्त चहाला थांबल्यावर लागते. माझा पहिला हॉल मे महिन्यात असाच गेला. स्वस्तातला, विनानावाचा होता, थंड असताना चालायचा आणि गरम झाला की दात गिळायचा. आता १५० अंशांपर्यंतचा लावला आहे आणि सायलेन्सरच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पत्र्याची छोटी आड केली आहे. दोन उन्हाळे गेले, तक्रार नाही. तिसऱ्याचं आत्ताच सांगत नाही. तीन वायरी असल्यामुळे प्लस-मायनस उलटं जोडायचीही सोय आहे, आणि तसं झालं तर तो सेन्सर गेलाच समजा. ओपन कलेक्टरवाला असेल, म्हणजे सिग्नल नुसता शून्यावर ओढणारा आणि स्वतः पाच व्होल्ट न देणारा, तर पुल-अप रेझिस्टर विसरू नका. मी विसरलो होतो.

तेव्हा तुमच्याकडे ईडीआयएसचं मॉड्यूल पडलेलं असेल तर प्रश्नच नाही, त्याला ३६ वजा १ आणि व्हीआरच हवा. कटिंग करून घ्यायची सोय नसेल, तयार ३६ दातांची चकती हातात असेल, तरीही व्हीआर. ब्रॅकेट पिनांवर बसवा, ग्लोव्हबॉक्समध्ये फिलर गेज ठेवा, सुखाने चालवाल. चकती नव्यानेच कापायची असेल, बॅटरी माझ्यासारखी वयस्कर असेल आणि बेल्ट कधीतरी अंधारात बदलावा लागेल असं वाटत असेल, तर मी १२ दात कापून हॉल लावीन. माझ्या गाडीत आता फट सव्वा मिलीमीटरच्या आसपास आहे. नेमकी किती हे बरेच दिवस मोजलेलं नाही.

जास्तीचा एक हॉल कापडात गुंडाळून ग्लोव्हबॉक्समध्ये असतो. काढलेला व्हीआर घरी ड्रॉवरमध्ये आहे, चालू स्थितीत.