मागाशेजारच्या डब्यात काय चालवावं, एकच प्रोग्राम की मायक्रोसर्व्हिसेस?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत किंवा पूर्व भागात टॉवेल-चादरीच्या शेडला आयओटी, म्हणजे मागांवर सेन्सर लावून आकडे गोळा करणारी यंत्रणा, बसवायचं ठरलं, की सेन्सर कुठले आणि गेटवे, म्हणजे ते आकडे घेणारा मागाशेजारचा डबा, कुठला यावर लवकर एकमत होतं. गेटवेच्या आत काय चालवायचं, इथे गाडी अडते. मी दोन्ही करून पाहिलं आहे. आधी दोन वर्षं एकच पायथन प्रोग्राम, आता मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे एकेकच काम करणारे पाच छोटे प्रोग्राम, प्रत्येक आपल्या वेगळ्या कंटेनरमध्ये, एकाला धक्का न लावता दुसरा बंद-चालू करता येईल असे. सगळं थेट क्लाउडवर पाठवायचा पर्याय इथे धरत नाही. भर पाळीत नेट गेलं म्हणून मोजणी थांबलेली कुणालाच परवडत नाही.

एकसंध प्रोग्रामची बाजू आधी सांगतो, कारण ती उगाच कमी लेखली जाते. 16 मागांची मोजणी, साठवण, स्क्रीन, मोबाइलवरचा इशारा, सगळं एका फाइलीत होतं. बिघडलं तर एकच लॉग वाचायचा. 2 जीबीच्या रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणकावर तो आरामात चालायचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 43 वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि डब्याला पंखा लावावा तर उडणाऱ्या कापसाने तो गच्च होतो. पायचा प्रोसेसर 80 अंशांवर गेला की आपोआप मंदावतो. म्हणून ओझं हलकं असणं ही शेडमध्ये मोठी सोय आहे.

तरी मी तो सोडला, एका दुपारमुळे. माग पाच मिनिटं बंद राहिला की मालकांना निरोप जायचा, तो तीन मिनिटांनी हवा होता. एका आकड्याचा बदल. तो करताना माझ्याकडून एक ओळ चुकली, प्रोग्राम सुरूच होईना, आणि चूक सापडेपर्यंत 22 मिनिटं गेली. माग मात्र चालू होते. मिनिटाला 120 पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) धरले तर प्रत्येक मागाचे 2640 पिक कुठेच नोंदले गेले नाहीत. त्या शेडमध्ये मजुरी पिकांवर निघते. पाळी सुटल्यावर एक वयस्कर विणकर मामा स्क्रीनपाशी आले, आपल्या मागाच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, आज धागा एकदाच तुटला माझा. मग एवढे कमी कसे?" मालकांनी सरासरी काढून फरक भरून दिला. पण पुढचे पंधरा दिवस मामा मागाच्या फ्रेमवर खडूने टॉवेल मोजून ठेवत होते. ते बघून मला फार लागलं. इशाऱ्याच्या वेळेचा त्यांच्या मजुरीशी काही संबंध नव्हता. दोन्ही एका फाइलीत कोंबून तो मी जोडला होता.

आता मोजणारा तुकडा वेगळा आहे. सेन्सरचे ठोके मोजायचे, आकडा डिस्कवर लिहायचा, दर 10 सेकंदांनी प्रत्येक मागाचा आकडा एमक्यूटीटी या निरोप पाठवायच्या पद्धतीने डब्यातल्याच मॉस्किटो ब्रोकरला, म्हणजे निरोप घेऊन पुढे वाटणाऱ्या प्रोग्रामला, द्यायचा, बस. त्याला मी हात लावत नाही. इशारा, स्क्रीन, साठवण आणि क्लाउडकडे पाठवणी हे बाकीचे चार. साठवण बंद केली तर ब्रोकर निरोप धरून ठेवतो, मात्र क्यूओएस 1 (निरोप किमान एकदा पोचलाच पाहिजे ही सेटिंग) आणि कायम राहणारं सेशन (जोडणी तुटली तरी ब्रोकर ग्राहकाला विसरत नाही) हवं. दोन गोष्टी जपा. मॉस्किटोच्या रांगेची मुळातली मर्यादा 1000 निरोपांची आहे. 16 मागांचे मिनिटाला 96 निरोप होतात, म्हणजे दहा मिनिटांत रांग भरते. ती वाढवून घ्या. दुसरं, क्यूओएस 1 मध्ये एकच निरोप दोनदा येऊ शकतो, म्हणून वाढ न पाठवता पाळीचा एकूण आकडा पाठवा. दोनदा आला तरी हिशेब तोच राहतो.

याची किंमत मोजावी लागते, हेही खरं. मला 4 जीबीचा पाय घ्यावा लागला. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या लॉगला आपणहून मर्यादा घातली नाही तर तो वाढतच राहतो. माझं मेमरी कार्ड एकदा त्यानेच भरलं. के3एस, म्हणजे अनेक यंत्रांवरचे कंटेनर सांभाळणारी यंत्रणा, मी लावून काढून टाकलं. एका डब्याला डॉकर कम्पोज, म्हणजे सगळे कंटेनर एका फाइलीवरून चालवायचं साधन, पुरतं. दहा शेड एका जागेवरून सांभाळायच्या असतील तर के3एसचा विचार करा.

तुमचे माग नवे रॅपियर (धोट्याविना चालणारे) असतील आणि पिकांचा आकडा मागाच्या कंट्रोलरमध्येच राहून तुम्ही तो मॉडबस या यंत्रांच्या जोडणीवरून वाचत असाल, तर माझी अडचण तुम्हाला बहुधा येणार नाही. तिथे एकच प्रोग्राम ठेवला तरी मी नाव ठेवणार नाही. पण जुन्या मागांवर सेन्सर लावून डबाच मोजत असेल, तर माझा कल स्पष्ट आहे.

एकदम पाच तुकडे करायचीही गरज नाही. आधी फक्त मोजणी बाहेर काढा, बाकीची फाइल तशीच राहू द्या. मी तीन महिने असंच चालवलं. त्या काळात जुना प्रोग्राम मी दिवसातून तीन-चार वेळा बंद करायचो, आणि तो पुन्हा सुरू झाला की मामांचा आकडा मधल्या पिकांसकट स्क्रीनवर यायचा.