बारा प्रोजेक्ट, आणि त्यातला एकही माझा नव्हता

जून २०२४मध्ये बी.एस्सी. पूर्ण करून मी वाळवा तालुक्यातून पुण्याला आले आणि डेक्कन परिसरातल्या एका खासगी संस्थेत वेब डेव्हलपमेंटच्या वर्गाला नाव घातले. फी ७२,००० रुपये, मुदत सहा महिने, त्यात बारा ‘लाइव्ह प्रोजेक्ट’ आणि शेवटी नोकरीची हमी, असे माहितीपत्रकात छापलेले होते. प्रकरण आता जिल्हा ग्राहक आयोगापुढे असल्याने संस्थेचे नाव येथे देत नाही. परंतु फसवण्याची पद्धत कळली, तर नाव माहीत नसतानाही सावध राहता येईल, म्हणून सर्व तपशीलवार लिहीत आहे.

एवढी रक्कम एकदम भरता येणार नाही असे सांगताच तिथल्या मॅडम म्हणाल्या, “काळजी करू नकोस, दरमहा सहा हजारांचे बारा हप्ते करून देते, व्याज एक रुपयाही नाही.” त्यांनी आधार आणि पॅनचे फोटो घेतले, माझ्या मोबाइलवर एकामागून एक ओटीपी आले आणि मी ते वाचून दाखवले. प्रत्यक्षात त्या दहा मिनिटांत एका फायनान्स कंपनीचे कर्ज माझ्या नावावर झाले, कर्जाची रक्कम थेट संस्थेला गेली आणि माझ्या बँक खात्यातून हप्ता आपोआप कापला जाण्याची परवानगीही दिली गेली. मी मात्र अशा समजुतीत होते की हप्ते संस्थेला जातात आणि शिकवणे पटले नाही तर ते थांबवता येतील. कर्ज देणाऱ्याचे नाव, वार्षिक दर आणि कर्ज रद्द करण्याची मुदत सांगणारे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जदाराला द्यावेच लागते. माझे ते पत्रक ई-मेलवर पडून होते आणि मी ते ऑक्टोबरमध्ये उघडले, तेव्हा रद्द करण्याची मुदत केव्हाच संपून गेली होती.

शिकवण्याची रीत अशी होती की दर पंधरवड्याला एक झिप फाइल, म्हणजे तयार संकेतस्थळाच्या फाइल्सचे गाठोडे, मिळे. ती उघडायची, दुकानाचे नाव आणि रंग बदलायचे, फोटो टाकायचे आणि सर्व फाइल्स एकदम गिटहबवर, म्हणजे प्रोग्राम साठवून इतरांना दाखवण्याच्या संकेतस्थळावर, चढवायच्या. पडद्यावर सुबक पान दिसे, आणि ते आपण केले असे वाटून खरोखर आनंद होई. घरी आईला मी व्हिडिओ कॉलवर प्रत्येक पान दाखवत असे. चौथ्या प्रोजेक्टमध्ये, जेवणाची ऑर्डर घेणाऱ्या संकेतस्थळात, मला पानाचे रंग आणि मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसच्या फाइलमध्ये पोर्तुगीज भाषेतली एक टीप दिसली. सरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “ती ओळ काढून टाक, चालते.” पुढे डिसेंबरमध्ये तीच ओळ शोधली असता मूळ प्रोजेक्ट गिटहबवर सापडला. ब्राझीलमधल्या एका विद्यार्थ्याने तो स्वतःच्या सरावासाठी केलेला होता आणि एमआयटी परवान्याखाली कोणालाही फुकट खुला ठेवलेला होता. त्या परवान्याची मुख्य अट अशी की मूळ कर्त्याचे नाव असलेली सूचना कायम ठेवावी, आणि आम्हांला दिलेल्या झिपमधून नेमकी तीच फाइल वगळलेली होती.

नोव्हेंबरमध्ये मी स्वतःच अर्ज करून खराडीतल्या एका लहान कंपनीच्या मुलाखतीला गेले. समोरच्या बाईंनी माझे गिटहब उघडले. बाराही प्रोजेक्टमध्ये एकेकच कॉमिट, म्हणजे बदल जतन केल्याची नोंद, होता. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि दोन चौकटींतल्या संख्यांची बेरीज दाखवणारे पान करायला सांगितले. मी ५ आणि ४ टाकले, उत्तर ५४ आले. असे का झाले हे मला सांगता आले नाही. त्यांनीच शांतपणे समजावले की चौकटीतून येणारे मूल्य जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेला अक्षरे म्हणून मिळते, त्यामुळे अधिक चिन्ह ती नुसती जोडते. आधी त्याची संख्या करून घ्यावी लागते. जिने खरोखर एक कॅल्क्युलेटर स्वतः लिहिला असता तिला ही चूक पहिल्याच संध्याकाळी भेटली असती, आणि माझ्या यादीत पहिला प्रोजेक्ट कॅल्क्युलेटरचाच होता.

मी फी परत मागितली, तेव्हा आधी ‘अभ्यासक्रम समाधानकारकपणे पूर्ण झाला’ अशा अर्जावर सही करण्यास सांगण्यात आले. मी सही केली नाही. सुदैवाने नाही केली, कारण तसल्या कागदावर सही असती तर तक्रार कमकुवत झाली असती. जानेवारीत संस्थेच्या दाराला कुलूप लागले. हप्ते मात्र चालूच राहिले. एक हप्ता चुकला तेव्हा बँकेने दंड लावला आणि वसुलीचे फोन थेट वडिलांना गेले. सिबिलची नोंद बिघडू नये म्हणून उरलेले सर्व हप्ते मी भरले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि नंतर आयोगाकडे अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार करून तीस दिवस थांबल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही जाता येते.

पैसे भरण्यापूर्वी कर्ज नेमके कोण देत आहे हे विचारा आणि ओटीपी सांगण्याआधी तो संदेश पूर्ण वाचा. जुन्या विद्यार्थ्यांची नुसती पाने पाहू नका, त्यांचे कॉमिट पाहा. स्वतः शिकणाऱ्याच्या खात्यात चुका, दुरुस्त्या, अर्धवट सोडलेले प्रयत्न असे अनेक दिवसांचे थर दिसतात. शिकण्याचे साहित्य एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्प या संकेतस्थळांवर विनामूल्य आहे आणि आपले पान गिटहब पेजेसवर फुकट ठेवता येते.

त्यानंतर मी वडिलांच्या दुधाच्या हिशोबाचे पान केले: सकाळ-संध्याकाळचे लिटर, दर, आणि डेअरीच्या दहा दिवसांच्या बिलाची बेरीज. पान पुन्हा उघडले की आकडे नाहीसे होत, म्हणून ब्राउझरमध्येच माहिती साठवून ठेवण्याची सोय, लोकल स्टोरेज, शिकावी लागली. त्याला तीन आठवडे लागले आणि त्यात एकेचाळीस कॉमिट आहेत.

गेल्या महिन्यात दुसऱ्या नावाने, त्याच भागातल्या नव्या पत्त्यावर, बारा लाइव्ह प्रोजेक्टची जाहिरात सुरू झालेली पाहिली. तिच्यातल्या जेवणाच्या ऑर्डरच्या पानावर मी निवडलेला केशरी रंग आणि मी टाकलेला आईच्या हातच्या थालीपिठाचा फोटो अजून तसाच आहे.