संमतीपत्राचं मराठी रुग्णाला कळायला हवं असेल तर दादरचं हे भाषांतर केंद्र

महापालिकेच्या एका रुग्णालयात एथिक्स कमिटीच्या, म्हणजे रुग्णांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीच्या, ऑफिसात मी 11 वर्षं काम केलं. त्या खुर्चीत बसून संशोधकांना अमक्याकडून भाषांतर करून घ्या असं सांगणं योग्य नव्हतं. मे महिन्यात निवृत्त झाले, म्हणून आता लिहिते.

संशोधनात भाग घेण्याआधी रुग्ण ज्यावर सही करतो ते संमतीपत्र त्याला समजेल अशा भाषेत हवं, हे नव्या औषधांवरच्या संशोधनाच्या 2019 च्या नियमांतच आहे. पण आमच्याकडे यायचं ते मराठी असं: 'सहभागींची गटनियुक्ती यादृच्छिकरीत्या केली जाईल.' कमिटीत सामान्य नागरिक म्हणून असलेल्या बाई हे मोठ्याने वाचायच्या आणि विचारायच्या, "हे मी माझ्या आईला कसं सांगू?" फाइल परत जायची, संशोधकाचा महिना फुकट.

दादरच्या या केंद्रातल्या ताई तेच असं लिहितात: 'तुम्ही कोणत्या गटात जाल हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरेल. ते तुमच्या किंवा डॉक्टरांच्या हातात नाही.' प्लासिबो म्हणजे 'औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी'. 10 मिली रक्त म्हणजे 'साधारण दोन छोटे चमचे'. सगळ्यात मोलाचं म्हणजे 'चाचणी' हा शब्द त्या जपून वापरतात. ओपीडीत चाचणी म्हणजे रक्त-लघवीची तपासणी. 'चाचणीत सहभाग' ऐकून माणूस आपली तपासणीच होणार असं समजतो आणि अंगठा देतो. ताई 'संशोधन' लिहितात, आणि या औषधाचा गुण येतो का हे अजून शोधायचं आहे, हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतात.

गेल्या वर्षी सहभागींच्या हक्कांचं आमच्या कमिटीचं माहितीपत्रक घेऊन मी स्वतः गेले होते. ताईंनी ते इमारतीत झाडलोट करणाऱ्या मावशींना वाचून दाखवलं आणि विचारलं, "मावशी, काय कळलं?"

मावशी म्हणाल्या, "नाही म्हटलं तर डॉक्टर पुढे बघणार नाहीत."

आमच्या मजकुरात 'सहभाग ऐच्छिक आहे' एवढंच होतं. ताईंनी ते खोडलं आणि लिहिलं, 'नाही म्हणालात तरी इथला तुमचा उपचार आहे तसाच चालू राहील. मधूनच सोडावंसं वाटलं तर कारण सांगावं लागणार नाही.' पुन्हा वाचल्यावर मावशींनी मान डोलावली. 'ऐच्छिक' हा शब्द मी इतकी वर्षं शेकडो फाइलींत तपासून पुढे पाठवला होता. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

अर्थ नीट उतरला का हे बघायला मराठीवरून परत इंग्रजी, म्हणजे उलट भाषांतर, करणारे गृहस्थ वेगळे असतात, मूळ इंग्रजी त्यांना दाखवत नाहीत. त्यामुळे निसटलेला अर्थ खरोखर सापडतो. प्रत्येक पानाखाली आवृत्ती क्रमांक आणि तारीख असते. नंतर मजकुरात बदल झाला तर तेवढ्याच ओळी रंगवून देतात.

दर शब्दाला 3 रुपये, उलट भाषांतराचे वेगळे. एमडीच्या विद्यार्थ्यांना थोडी सवलत मिळते. मराठी-हिंदीला चार दिवस लागतात. गुजराती बाहेरून करून घेतात, त्याला आठवडा जास्त. उर्दू करत नाहीत, ही उणीव मुंबईत जाणवते.

जागा रानडे रोडच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. इंग्रजी मजकूर पक्का झाल्यावरच द्या, नाहीतर आवृत्ती बदलली की पैसे पुन्हा पडतात.