'विल्हेवाट' हा शब्द दिसला की सही करू नका

माझ्या वाटणीचं 32 गुंठे रान सख्ख्या थोरल्या भावानं विकलं, आणि विकायचा अधिकार त्याला मीच लिहून दिला होता. सांगायला लाज वाटते. पण गावचं रान भावाच्या भरवशावर टाकून नोकरीला बाहेर पडलेले पुष्कळ आहेत, म्हणून लिहितोय.

गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. मी चाकणला कंपनीत, तीन पाळ्या. शेजाऱ्यानं बांध कोरून माझं 3 गुंठे दाबलेलं, त्याचा दावा दिवाणी कोर्टात चालू होता. दर तारखेला रजा कुठून आणायची? दादा म्हणाला, कुलमुखत्यारपत्र दे, म्हणजे तुझ्या वतीनं काम करायचा अधिकार देणारा कागद, मी उभा राहतो. जून 2022. 500 रुपयांचा मुद्रांक, दोन साक्षीदार, अंगठे, फोटो, रीतसर नोंदणी.

दस्तलेखकानं मजकूर वाचून दाखवला. "मिळकतीची विक्री, गहाण, बक्षीस, भाडेपट्टा अगर अन्य कोणत्याही प्रकारे विल्हेवाट लावणे, दाव्यात तडजोड करणे..." मी त्याला थांबवलं होतं. "विल्हेवाट कशाची?" दादा म्हणाला, "छापील असतंय ते. सगळ्यांच्यात असतंय." दस्तलेखकानं वर न बघता पान उलटलं. तिथंच उठायला हवं होतं मी! शब्द कानाला खटकला होता, मी तोंडानं विचारलंही होतं, आणि तरी पाच मिनिटांत सही केली. रात्रपाळी गाठायची होती. आणि ज्यानं मला सायकलवरून शाळेत सोडलं, त्याच्यासमोर मी वकील आणून बसवणार होतो का?

घरात आपण विल्हेवाट कचऱ्याची लावतो. कायद्यात मिळकतीची विल्हेवाट म्हणजे मालकी किंवा तिच्यातला एखादा हक्क दुसऱ्याच्या हातात जाईल असा व्यवहार. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, सगळं त्यात आलं. दाव्याचीही तशीच लावता येते, तडजोड करून किंवा माघार घेऊन. कोर्टकामापुरतं मुखत्यारपत्र हवं असेल तर तेवढंच लिहा, आणि विक्रीचा व तडजोडीचा अधिकार दिलेला नाही हे स्पष्ट शब्दांत घाला.

सप्टेंबरमध्ये दादानं 60,000 रुपये घेऊन बांधाचा दावा मिटवला. नोव्हेंबरमध्ये 42,500 रुपये गुंठ्यानं सगळं रान विकलं. 13,60,000 रुपये. आणि एप्रिल 2023 मध्ये मला 35,000 रुपये पाठवले, उसाचा खंड, म्हणजे रान कसण्याचं भाडं, म्हणून. विकलेल्या रानाचा खंड! त्यात मी मुलीची फी भरली आणि त्याला फोन करून आभार मानले.

15 रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा मोबाइलवर निघतो. दोन वर्षांत मी तो एकदाही काढला नाही. तुम्ही दर तीन महिन्यांनी काढा.

ऑगस्ट 2024 ला गावी गेलो तेव्हा एकजण म्हणाला, "तुझ्या रानात बोर मारली की नव्या मालकानं."

तलाठी म्हणाले, फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं मालकाचं नाव बदलण्याची, नोटीस पत्त्यावर गेली होती. पत्ता गावचा, म्हणजे दादाच्या घरचा. निबंधक कार्यालयात सांगितलं, नोंदलेला दस्त आम्हाला रद्द करता येत नाही, कोर्टात जा. पोलीस ठाण्यात चार खेपा घातल्या. पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी, सख्खा भाऊ आहे, घरात मिटवा. तिसऱ्या दिवशी अर्ज सापडेना, पुन्हा लिहून द्या. चौथ्या खेपेला अंमलदारानं मलाच विचारलं, "सही तुमचीच ना? मग फसवणूक कसली?" प्रत्येक खेपेला एका दिवसाचा पगार गेला. शेवटी पत्र आलं, बाब दिवाणी स्वरूपाची असल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. माझ्या बापाच्या रानाला त्यांनी अडीच ओळी दिल्या.

वकिलांना 25,000 दिलेत. ते म्हणतात, घेणाऱ्यानं नोंदणीकृत मुखत्यारपत्र बघून पैसे मोजलेत, रान परत मिळणं अवघड. पण 1872 च्या करार कायद्यानं मुखत्याराला हिशेब द्यावा लागतो आणि मालकाच्या वतीनं घेतलेले पैसे त्याच्या हवाली करावे लागतात. त्यासाठी दावा टाकतोय. तुम्ही असा कागद दिला असेल तर रद्दलेख नोंदवा, पण तेवढ्यावर थांबू नका. मुखत्याराला नोटीस पाठवा, पेपरात जाहीर नोटीस द्या. रद्द झाल्याचं घेणाऱ्याला ठाऊक नसेल तर त्याच्यापुरता तो अधिकार चालूच राहतो.

आई दादाकडे असते. रोज फोन करते, कोर्टात जाऊ नकोस म्हणते. सोमवारी वकिलाकडे जाऊन वकालतनाम्यावर सही करणार आहे. तोही आधी पूर्ण वाचणार.