एन-क्लोरोसक्सिनिमाइडसोबत आठ महिने: क्लोरीन काट्यावर तोलता येऊ लागला

एन-क्लोरोसक्सिनिमाइड (थोडक्यात एनसीएस) म्हणजे रेणूंवर क्लोरीन बसवणारी घन पावडर. जूनमध्ये तिची पहिली बाटली उघडली, आता फेब्रुवारी संपत आलाय. त्याआधी आमच्या प्रयोगशाळेत क्लोरिनेशन (रेणूवर क्लोरीन बसवणं) करायचं म्हणजे आधी क्लोरीन वायू तयार करायचा. मँगनीज डायऑक्साइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे रसायनशास्त्रज्ञ शेलेने १७७४ मध्ये वापरलेलीच जोडी. मी विदर्भातली. आमच्या भंडाऱ्यात डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून मँगनीजचं हेच खनिज निघतं, म्हणून त्या काळ्या भुकटीबद्दल मला आपुलकी आहे. तरीही त्या मांडणीकडे मी परत जाणार नाही.

वायूच्या वासाची भीती होतीच, पण खरा त्रास मोजमापाचा होता. अभिक्रियेत नेमका किती क्लोरीन गेला, हे बुडबुडे बघून कळत नाही. थोडा द्रावकात विरघळतो, थोडा तसाच पुढे कॉस्टिकच्या (उरलेला वायू शोषणाऱ्या कॉस्टिक सोड्याच्या) बाटलीत जातो. रबरी नळ्या कडक होऊन तडकायच्या. एकदा फ्लास्क थंड होताना कॉस्टिक उलटं ओढलं गेलं आणि चार दिवसांचं काम वाया गेलं. हूड (वायू बाहेर खेचणारं कपाट) चालू होता म्हणून निभावलं.

आमचं नेहमीचं काम मिथाइल अँथ्रानिलेटच्या ५ क्रमांकाच्या जागी एक क्लोरीन बसवण्याचं. द्राक्षांसारख्या वासाचा हा एक एस्टर आहे. अमिनो गटामुळे त्याचं बेंझीन वलय इतकं सक्रिय असतं की वायू जरा जास्त गेला की ३,५-डायक्लोरो (दोन क्लोरीन असलेला पदार्थ) तयार होतं, आणि दोन्ही वेगळे करताना कॉलमवर (पदार्थ वेगळे करणाऱ्या नळीवर) जीव जातो. एनसीएस मात्र पांढरी पावडर आहे, रेणूभार १३३.५. १० मिलिमोल एस्टर म्हणजे १.५१ ग्रॅम, त्याला एनसीएस १.३४ ग्रॅम. काट्यावर तोलायचं, असिटोनायट्रिलमध्ये थोडं थोडं टाकायचं, सौम्य ऊब द्यायची आणि टीएलसी (मिश्रणातले पदार्थ वेगळे ठिपके म्हणून दाखवणारी प्लेट) बघत राहायचं. शेवटी उरलेलं एनसीएस संपवायला थोडं सोडियम बायसल्फाइट घालून स्टार्च-आयोडाइडचा कागद निळा होत नाही ना, हे तपासायचं. पाणी घातलं की पदार्थ खाली बसतो, क्लोरीन देऊन उरलेलं सक्सिनिमाइड पाण्यात राहतं. डायक्लोरोचा ठिपका पूर्ण गेला नाही, पण आता तो नुसता पुसट दिसतो. पहिल्यांदा अशी प्लेट पाहिली तेव्हा मला फार आनंद झाला होता.

पावसाळ्याने मात्र एक धडा दिला. ऑगस्टमध्ये अभिक्रिया अर्धवट राहू लागल्या. आधी मला द्रावकाचा संशय आला, मग एस्टरचा. शेवटी आयोडोमेट्री केली, म्हणजे आयोडीन आणि थायोसल्फेटच्या टायट्रेशनने एनसीएसची शुद्धता मोजली. ०.२ ग्रॅम शुद्ध एनसीएसला ०.१ नॉर्मल थायोसल्फेट साधारण ३० मिली लागायला हवं. आमचं टायट्रेशन त्याच्या बरंच आधी संपलं. बाटली रोज उघडून टेबलावर राहत होती आणि दमट हवेने पावडर खराब झाली होती. गरम ग्लेशियल असेटिक आम्लातून झटपट स्फटिकीकरण करून ती वाचवली. थोडी घट आली, पण काम पुन्हा सुरळीत झालं. आता बाटली फ्रिजमध्ये असते, आणि फ्रिजमधून काढली की खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

उणिवाही आहेत. १३३.५ ग्रॅममधला क्लोरीन जेमतेम ३५.५ ग्रॅम, म्हणजे सुमारे २७ टक्के. बाकीच्या सक्सिनिमाइडचे पैसे आपण भरतो. मोठ्या प्रमाणावर हे परवडत नाही. नायट्रो गट असलेल्या कमी सक्रिय वलयांवर नुसतं एनसीएस काहीच करत नाही, तिथे तीव्र आम्लाची मदत घ्यावी लागते. एनबीएससारखी (याच्याच ब्रोमीनवाल्या जोडीदारासारखी) चपळाई याच्याकडून अपेक्षू नये. आणि घन आहे म्हणून निर्धास्त राहू नका: पावडर डोळ्यांना आणि घशाला झोंबते, अमिनमध्ये एकदम ओतली तर मिश्रण जोरात तापतं. डीएमएफ या द्रावकात अभिक्रिया करणाऱ्यांनी तर तापमानावर सतत लक्ष ठेवावं. हातमोजे, चष्मा, हूड हे सगळं पूर्वीसारखंच.

तुम्ही सक्रिय वलयांवर ग्रॅमभराच्या प्रमाणात काम करत असाल तर जरूर घ्या, पण लहान बाटली घ्या. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी टायट्रेशन करा. अर्धा तासही लागत नाही.