कारागृहावर लक्ष ठेवायचंय: अभ्यागत व्हावं की माहिती अधिकार वापरावा?

सांगलीच्या जेलचा तट म्हटलं की वसंतदादांची १९४३ ची उडी आठवते. त्याच तटाआड आज बंद्यांच्या शिध्यावर, औषधांवर, दुरुस्तीवर जो पैसा खर्च होतो तो आपला आहे, आणि त्याची विचारपूस करणारे फार थोडे. ज्यांना हे काम अंगावर घ्यायचंय त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत: शासनाकडून अशासकीय अभ्यागत, म्हणजे कारागृहाला भेट देऊन पाहणी करणारा बिगरसरकारी नागरिक, म्हणून नेमणूक मिळवायची, किंवा बाहेर राहून माहिती अधिकारात कागद काढायचे. महालेखापालांची तपासणी असतेच, पण ती खर्च होऊन गेल्यावर.

अभ्यागताची जमेची बाजू मोठी आहे. तो आत जातो. स्वयंपाकघरात उभा राहून डाळ पाहू शकतो, आजारी बंद्याला डॉक्टरांनी शेवटचं कधी तपासलं ते त्यालाच विचारू शकतो. त्याचा शेरा अभ्यागत नोंदवहीत राहतो, आणि ही वही ठेवणं १८९४ च्या कारागृह अधिनियमाच्या कलम १२ ने अधीक्षकांना बंधनकारक केलं. अडचण अशी की नेमणूक शासनाच्या मर्जीवर, आणि हिशेबाच्या वह्या चाळायला एका भेटीत वेळ पुरत नाही.

माहिती अधिकाराला कुणाची शिफारस लागत नाही. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे ‘सगळा खर्च द्या’ असं मागून हाती काही लागणार नाही. एक महिना धरा आणि फक्त शिधा मागा: रोजची बंदीसंख्या, साठा नोंदवही, पुरवठादाराची बिलं. बंदीसंख्येला माणशी ठरलेल्या प्रमाणाने गुणलं की किती डाळ लागायला हवी ते निघतं. साठ्यातून उचल तेवढीच झाली का, आणि बिल कितीचं लागलं? महिन्याच्या सुरुवातीची आणि अखेरची शिल्लक धरायला विसरू नका, नाहीतर नसलेली तफावत दिसेल आणि एखाद्या प्रामाणिक कर्मचाऱ्यावर विनाकारण आळ येईल. पहाऱ्याची रचना किंवा बंद्याची खासगी माहिती देणार नाहीत, आणि ते रास्तच आहे. शिध्याची बिलं नाकारायला मात्र मला काही कारण दिसत नाही. नाकारलीच, तर ३० दिवसांत पहिलं अपील करा.

एक कळकळीची विनंती. आतल्या माणसाला त्रास होईल या धास्तीने घरचे सही करायला कचरतात. त्यांना पुढे करू नका, अर्ज स्वतःच्याच नावाने द्या.

आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची गोष्ट वेगळी. औंध संस्थानाने १९३९ मध्ये सुरू केलेल्या या खुल्या वसाहतीत बंदी कुटुंबासह राहून शेती करतात. तिथे पिकाचं, पाण्याचं काय चाललंय ते शेतात गेल्यावरच समजेल.

निवृत्त डॉक्टर, वकील किंवा शिक्षक असाल, तर अभ्यागत व्हा. बंद्यांशी बोलायला तुमच्यासारखी माणसं हवीत. नोकरी-धंदा सांभाळून करायचं असेल तर माहिती अधिकारच बरा. पण अभ्यागत व्हायचं असलं तरी पहिला अर्ज अभ्यागत नोंदवहीचा टाका: वर्षभरात कोण आलं, काय शेरा लिहिला, त्यावर काय कार्यवाही झाली. वही कोरी निघाली, तर नेमणुकीच्या अर्जाला तीच प्रत जोडा.