शाळकरी मुलांची बॅच की परदेशी विद्यार्थी? घरी इंग्रजी शिकवायचा विचार असेल तर

एम. ए. इंग्रजी किंवा बी. एड. झालेल्या मुली भेटल्या की हटकून विचारतात, "ताई, आठवी ते दहावीची बॅच सुरू करू, की ते परदेशी विद्यार्थी घेऊ?" पुण्यात दोन्ही वाटा खुल्या आहेत आणि मी दोन्हींवरून चालले आहे. बॅच तर अजूनही घेते. माझं मन कुठे आहे ते आधीच सांगते, म्हणजे पुढचं त्या हिशेबाने वाचता येईल: ते परदेशी विद्यार्थ्यांकडे आहे. पण घर त्या पैशावर चालवायचं असेल तर माझा सल्ला वेगळा आहे.

पैशाचं चटकन सांगून टाकते. समजा, महिना हजार रुपये फी आणि पंधरा मुलं. जूनपासून परीक्षेपर्यंत पंधरा हजार ठरलेले, आणि एखादं मूल गळलं तरी फरक हजाराचाच. परदेशी विद्यार्थी तासावर पैसे देतो. एका तासामागे बॅचमधल्या एका मुलाकडून पडतात त्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळतात, पण परीक्षा झाली, व्हिसा संपला किंवा नवऱ्याची बदली झाली की शिकवणी थांबली. माझ्याकडे एका जुलैत चार जण होते आणि त्याच वर्षी डिसेंबरात एकही नव्हता. ऑनलाइन शिकवून बाहेरच्या देशातून पैसे येणार असतील, तर बँक पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी आले ते सांगणारा कोड, विचारते. ते काम पहिल्या फीच्या आधीच बँकेत जाऊन समजून घ्या.

ही मंडळी येतात कुठून? काही आय.सी.सी.आर. या भारत सरकारच्या सांस्कृतिक संबंध परिषदेची शिष्यवृत्ती घेऊन आलेली, आफ्रिकेतली आणि पश्चिम आशियातली मुलं. काही चाकण, रांजणगाव, तळेगावच्या कारखान्यांत आलेल्या कोरियन आणि जपानी इंजिनिअरांच्या बायका. आणि काही योगासाठी आलेले. मॉडेल कॉलनीत १९७५ पासून असलेल्या रमामणी अय्यंगार योग संस्थेत जगभरातून लोक शिकायला येतात, आणि तिथे सूचना इंग्रजीत असतात.

अशीच एक जपानी बाई माझ्याकडे यायची. तिला ग्रामर नको होतं. तिला हवं होतं 'शोल्डर ब्लेड', 'शिन', 'नी-कॅप', आणि 'लिफ्ट', 'प्रेस', 'टक', 'एक्स्टेंड'. मी दिवाणखान्यात उभी राहून खांद्याच्या पात्यावर, नडगीवर, गुडघ्याच्या वाटीवर बोट ठेवायची, ती तो शब्द बोलायची आणि लगेच ती हालचाल करून दाखवायची. दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा दहा मिनिटं लवकर आली. सकाळच्या वर्गात पहिल्यांदाच तिने शेजारणीकडे न बघता, नुसतं ऐकून आसन केलं होतं. आदल्या संध्याकाळी शिकवलेलं सकाळी कामाला आलेलं बघणं, हे सुख मला बॅचमध्ये क्वचितच मिळालं.

यात मुलांना कमी लेखायचं नाही. दहावीचं पोर "टीचर, हे पेपरला येणार का?" असं विचारतं, तेव्हा त्याचं बरोबरच असतं. त्याच्यापुढे ऐंशी मार्कांचा पेपर आहे, आणि त्याला इथे आईवडिलांनी पाठवलंय. शिवाय साठ मिनिटांत वीस मुलं म्हणजे बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. तेवढ्यात बोलणं शिकवता येत नाही, पेपर सोडवून घेता येतो. आयेल्ट्स या परदेशी शिक्षणासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र परीक्षकासमोर अकरा ते चौदा मिनिटं एकट्याने बोलायचं असतं, आणि ती तयारी समोरासमोर बसूनच होते. परदेशी विद्यार्थ्यांकडे वळायचं असेल तर सुरुवात आयेल्ट्सवाल्यापासून करा. त्याला किती बँड, म्हणजे गुण, हवेत आणि कधीपर्यंत, हे त्याला पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे तुमचाही गोंधळ होत नाही.

तयारीत मोठा फरक आहे. बॅचच्या नोट्स एकदा काढल्या की अभ्यासक्रम बदलेपर्यंत पुरतात. परदेशी विद्यार्थ्यांत प्रत्येकासाठी वेगळी वही. अरबी बोलणाऱ्याच्या तोंडात 'प' नसतो, त्याचं 'पेन' 'बेन' होतं. इराणी मुलगा 'स्टुडंट'च्या आधी 'ए' लावतो. कोरियन बाईंची 'कॉफी' 'कॉपी' होते. हे सगळं टिपून ठेवावं लागतं.

आपण इंग्रज नाही म्हणून पुष्कळ जणी बिचकतात. काही विद्यार्थी खरंच ब्रिटिश किंवा अमेरिकन शिक्षकच मागतात, त्यांना जाऊ द्यावं. पण कोरियन आणि जपानी लोकांना शिकवताना मराठी फार उपयोगी पडते. त्यांच्याही वाक्यात क्रियापद शेवटी येतं, 'ला', 'त', 'हून'सारखे तुकडे नामाच्या मागे लागतात, आणि इंग्रजी नामाआधीच्या 'अ' आणि 'द' यांना तिथेही जागा नाही. 'द' कुठे घालायचा, हे आपण स्वतः धडपडत शिकलो. त्यामुळे समोरचा नेमका कुठे अडला ते आपल्याला आतून कळतं. माझंही इंग्रजी या लोकांनी सुधारलं. गावाबाहेर असण्याला 'आउट ऑफ स्टेशन', पदवी मिळण्याला 'पास्ड आउट' हे आपल्याकडचं इंग्रजी मी वर्षानुवर्षं बेधडक बोलत होते. एका विद्यार्थ्याने "कुठल्या स्टेशनच्या बाहेर?" असं विचारलं, तेव्हा पहिल्यांदा थांबले.

आता फीच्या हिशेबात न बसणारी एक शिकवणी. पुण्यात बी. कॉम. करणाऱ्या एका अफगाण मुलाने विचारलं, काबूलमधल्या बहिणीला शिकवाल का? २०२१ नंतर तिथे मुलींची सहावीपुढची शाळा बंद झाली, डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठंही. आमचे साडेपाच म्हणजे तिचे साडेचार. वीज गेली की ती नंतर व्हॉइस मेसेज पाठवायची. वहीच्या पानांचे फोटो यायचे. तिची भाषा उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून वही उजवीकडून उघडलेली, आपण ज्याला शेवटचं पान म्हणू तिथून सुरू केलेली, आणि आत डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या इंग्रजीच्या ओळी, एकही ओळ न सोडता. 'हजार', 'बाजार', 'दरवाजा' हे शब्द मराठीतही आहेत असं सांगितलं, तेव्हा तिने माझ्याकडून ते तीनतीनदा म्हणवून घेतले. तिने एकही तास चुकवला नाही. मी दोन चुकवले, त्याची रुखरुख अजून आहे.

म्हणून नव्याने सुरू करणारीला मी सांगते: जूनमध्ये दहाबारा मुलांची बॅच घे, म्हणजे घरभाड्याची काळजी राहणार नाही. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मात्र कुणी कितीही गळ घातली तरी दुसरी बॅच लावू नकोस. त्या दोन संध्याकाळी एखाद्या परदेशी विद्यार्थ्यासाठी ठेव. तो आला की पहिल्या तासाला पुस्तक काढू नकोस. काल दिवसभरात इंग्रजीवाचून कुठे अडलं ते विचार, रिक्षात, बँकेत, कॉलेजच्या ऑफिसात. तो सांगेल, तीच पहिली धड्यांची यादी.